ढेकूण मारणारा मोहरील

मध्य प्रदेशाची राजधानी नागपुराहून भोपाळला हलली त्या हिवाळ्यात नरहर मोहरील बायकोला, तान्ह्या मुलाला आणि धाकट्या भावाला, अच्युतला, घेऊन भोपाळच्या स्टेशनवर उतरले. नरहरची सचिवालयातली नोकरी पक्की होती. अच्युतकडे नुसता शब्द होता. नागपुरात तो हंगामी टायपिस्ट होता आणि ‘तिकडे या, लावून घेऊ’ असं त्याच्या हेडक्लार्कने सांगितलं होतं. इथे येऊन पाहतो तर ग्वाल्हेर, इंदूर, रीवा, सगळीकडची माणसं खुर्च्यांसाठी भांडत होती. हंगामी लोकांकडे कोण बघणार? शिवाय कारभार हिंदीत होणार होता आणि अच्युतचा हात बसलेला इंग्रजी टायपावर. त्याच्या हेडक्लार्कने तर ओळखही नीट दाखवली नाही.

जहांगीराबादेतल्या जुन्या बराकीत नरहरला दोन खोल्या मिळाल्या होत्या. तिथे फुकट खाणारं तोंड होऊन अच्युतने तो उन्हाळा काढला. पावसाळ्याच्या तोंडावर मलेरिया खात्यात माणसं भरती करताहेत असं कळलं आणि तो जाऊन उभा राहिला. शिकलेला आहे म्हटल्यावर आपल्याला टेबलाशी बसवतील अशी त्याची समजूत. त्याच्या हाती पंप दिला.

शहरातल्या गल्ल्यांतून घरोघर जायचं, सामान अंगणात काढायला लावायचं आणि भिंतींवर डीडीटीचं पांढरं पाणी फवारायचं. काम झालं की दारावर गेरूने तारीख घालायची. जोडीला मुन्ने मियाँ नावाचा भोपाळचाच माणूस होता. बायका पडद्याआड जाईपर्यंत उंबऱ्यावर खाकरत उभं राहायचं, हे त्याने अच्युतला शिकवलं. लोक त्यांना शिव्या घालत. फवारणीनंतर कुणाची मांजर मेली, कुणाच्या कोंबड्या मेल्या, की जाब विचारायला हेच दोघं सापडत. संध्याकाळी अच्युतच्या कपड्यांना असा वास यायचा, की मनोरमावहिनी त्याचं ताट बाहेरच्या पडवीत ठेवायची.

“राग मानू नका भाऊजी,” ती म्हणायची, “पण घरात लहान मूल आहे.”

अच्युत राग मानत नसे. वास त्याला स्वतःलाही सहन होत नव्हता.

दिवाळीनंतर वहिनीची धाकटी बहीण सुचेता नागपूरहून आली. तिला बघायला भोपाळचीच मंडळी यायची होती. मुलगा सरकारी इंजिनिअर. आणि बराकीत तर ढेकणांचा नुसता सुळसुळाट. खाटांच्या सांध्यांत, भिंतीच्या चिरांत, देवांच्या तसबिरींमागे. पाहुणे बसले आणि कुणाच्या धोतरावर ढेकूण चढला तर? वहिनीला या विचाराने जेवण जाईना.

“आपल्या बराकीची पाळी कधी आहे?” नरहरने विचारलं.

“उन्हाळ्याआधी नाही, दादा.”

“मग थोडी पावडर आण ना. तुझ्या हाताखालून पोतीच्या पोती जातात. मूठभराने सरकारचं काय बिघडणार?”

“दादा, ती मोजून देतात. सापडलो तर जाईन.”

“मी आहे ना! सचिवालयात बसतो मी. कुणी काही बोललं तर माझं नाव सांग.”

अच्युतने जेवणाच्या डब्यातून पावडर आणली. रविवारचा सबंध दिवस घालवून, बादलीत कालवून, चुन्याच्या कुंचल्याने त्याने एकेक खाट, एकेक चीर भरून काढली. वहिनीने त्या दिवशी त्याला पहिल्यांदा आतल्या खोलीत जेवायला बसवलं. वर साजूक तूप वाढलं.

पाहुणे आले. मुलगा, त्याचे आईवडील आणि मामा. हे मामा मलेरिया खात्यातच साहेब होते. हे कुणालाच ठाऊक नव्हतं. अच्युत पाण्याचे पेले घेऊन आला आणि जागीच थबकला. त्यांनी त्याला ओळखलं नाही. ओळखण्याइतकं फवारणीवाल्यांकडे ते कधी बघतच नसत. पण खाटेचा पांढरा सांधा त्यांनी पाहिला, त्यावरून बोट फिरवलं, मग दाराकडे नजर टाकली.

“दारावर तारीख नाही, मोहरील. मग ही पावडर कुठली?”

ते रागाने बोलत नव्हते. पोहे खाता खाता सहज विचारावं तसं विचारलं. सुचेता खाली मान घालून बसली होती. नरहरने भावाकडे पाहिलंही नाही.

“धाकटा भाऊ आहे तुमच्या खात्यात,” तो म्हणाला. “त्याने आणली असेल. मी दिवसभर ऑफिसात असतो. घरात काय चालतं मला कसं कळणार?”

अच्युत पेल्यांचं तबक धरून उभा होता. आपण आता बोललो तर सुचेताचं लग्न इथेच मोडेल, हे त्याला कळत होतं. म्हणून तो गप्प राहिला. दादालाही नेमकं हेच कळत होतं, हे त्याच्या फार नंतर लक्षात आलं.

दोन दिवसांनी त्याला ऑफिसात बोलावून पंप आणि खाकी डगला ठेवून घेतला. कुणाच्या सांगण्यावरून आणली, असं विचारलं तेव्हा तो म्हणाला, “माझ्याच मनाने.”

लग्न ठरलं. मामांनी ती गोष्ट मोठ्या मनाने पोटात घातली, असं नरहर सगळ्यांना सांगत असे. लग्नाच्या आदल्या आठवड्यात वहिनी पडवीत आली.

“भाऊजी, तुम्ही तेवढे चार दिवस कुठे जाल का? मामासाहेब असणार. उगाच त्यांना आठवण नको.”

अच्युतने वळकटी बांधली आणि मुन्ने मियाँकडे गेला. चार दिवसांनी काय, नंतरही तो परत आला नाही आणि त्याला बोलवायला कुणी आलं नाही. दिवाळीला तेवढा वहिनी कुणाच्या तरी हाती फराळाचा डबा पाठवायची.

मुन्नेच्या ओळखीने जुमेराती बाजारातल्या एका धान्यवाल्याच्या गोदामात काम मिळालं. उंदरांना विष घालायचं, पोत्यांतली कीड मारायची. पहाटे मेलेले उंदीर टोपलीत भरताना अच्युतला पहिले काही दिवस उलट्या झाल्या. मग थांबल्या. एका गोदामाचं दुसऱ्याला कळलं. त्याने जुना पंप मिळवून दुरुस्त केला. शहराबाहेर पिपलानीकडे मोठा कारखाना उभा राहू लागला तेव्हा तिथल्या नव्या घरांना वाळवी लागली आणि ठेकेदार त्याला शोधत आले. महाराष्ट्रातून बदलून आलेली मराठी कुटुंबं त्याला दारातूनच काम सांगत. कुठले मोहरील, असं कुणी कुतूहलाने विचारलं की तो नागपूर एवढंच सांगे. बोटांची कातडी सोलवटलेली असायची आणि हिवाळ्यात खोकला महिनोन्महिने हटत नसे.

त्याने इब्राहिमपुऱ्यात लहानसं दुकान घेतलं, तेव्हा कित्येक वर्षांनी नरहर आला. उभ्या उभ्याच बोलला.

“पाटी रंगवायला दिलीस म्हणे?”

“हो.”

“आपलं आडनाव नको घालूस. भारत कीटनाशक वगैरे काहीतरी लिही. ऑफिसात चार लोक विचारतात रे.”

अच्युत पंपाची नळी साफ करत होता. नळी त्याने खाली ठेवली.

“दादा, त्या दिवशी तू म्हणाला होतास, माझं नाव सांग. मी नाही सांगितलं. आता माझं मी सांगतोय, तर तेही नको?”

“जुनं काय उकरतोस,” नरहर म्हणाला आणि रुमालाने नाक दाबून पायरी उतरला.

पाटी लागली ती ‘अच्युत मोहरील, ढेकूण, वाळवी व उंदीर यांचा बंदोबस्त’, अशी. खाली तेच हिंदीत. त्या वर्षीपासून दिवाळीला बराकीतून येणारा फराळाचा डबाही बंद झाला. काम मात्र वाढत गेलं.