क्रांतीचा निळा कळप

क्रांतीनं पुण्याची नोकरी सोडली आणि आता सांगलीत दार लावून भिंतीवर मेंढरं काढत बसते, डोक्यावर परिणाम झालाय म्हणे, अशी बातमी सोमवारी आमच्या गल्लीत फिरली. साफ खोटी! मेंढरं भिंतीवर नव्हती, फळ्यावर होती. आणि डोकं तर असं पळत होतं की विचारू नका.

मी शेजारी. चहाच्या निमित्तानं जातो, खबर घेऊन येतो. क्रांती माण तालुक्यातल्या मेंढपाळाची लेक. तासगावकडच्या एका बेदाण्याच्या शीतगृहाचं काम तिनं एकटीनं अंगावर घेतलेलं. पेट्यांची माहिती एक्सएमएल फायलीत कशी लिहायची, त्याची नियमावली करायची. तिला स्कीमा म्हणतात. शुक्रवारी चारला चाचणी. फायली नियमात बसल्या तर काम हिचं, नाहीतर पुण्याच्या एका कंपनीचं.

शुक्रवारी दोनला डोकावलो तर संगणकाचा पडदा लालेलाल. बाहेरचा 'लॉट' पास, आतली 'पेटी' नापास!

"पेटी समोर हाय, आणि हे येडं म्हणतंय ही आमची न्हाईच!" क्रांती करवादली.

तिचे वडील नाथाजी कोपऱ्यात शेंगा फोडत होते. "मग कुणाची म्हणतंय?"

तिनं फळा पुढं ओढला. "ही फाईल म्हंजे कळप, आबा. वरच्या ओळीत एकदाच लिवायचं, कळप कुणाचा. ते डिफॉल्ट नेमस्पेस, जसा मेंढरांच्या पाठीवरचा आपला निळा रंग. मग आत ज्या नावाला दुसरी खूण न्हाई, ते त्याच कळपाचं. लॉट निळा, पेटी निळी, वजन निळं."

"आन् गळ्यातली घंटा?"

"ती अ‍ॅट्रिब्यूट, नावाला अडकवलेली जादा माहिती. तिला रंग आपसूक लागत न्हाई."

नाथाजींनी दाणा तोंडात टाकला. "नाक्यावर मोजणाऱ्याला सांगितलंस का, पिल्लंबी निळी येणार? आमी चराईला निघताना आधी सांगतो. न्हाईतर त्यो म्हणतो, पिल्लं बिनरंगाची असत्यात, ही निळी कुणाची आणलीस?"

क्रांती अशी किंचाळली की माझी बशी कलंडली. "आबा! मोजणारा म्हंजे स्कीमा! म्या त्याला सांगितलंच न्हाई!"

खरंच. स्कीमात कळपाचं नाव होतं, आतल्या पिल्लांबद्दल चकार शब्द नव्हता. आणि काही लिहिलं नाही, की आतली नावं बिनरंगाची धरायची, असा त्याचा कायदा. तिनं स्कीमाच्या वरच्या ओळीत एलिमेंटफॉर्मडिफॉल्टपुढं क्वालिफाईड, म्हणजे पिल्लंही कळपाच्याच रंगाची, असं लिहिलं आणि बटण दाबलं. हिरवं! पेटी हिरवी, वजन हिरवं! नाथाजी शेंगांसकट उभे राहिले, मी तर टाळ्याच पिटल्या.

चारला चाळीस फायली गेल्या, चाळीसही पास. शीतगृहाच्या वीरधवलरावांचा फोन आला, "काम तुमचंच, ताई."

मी कपाळाला हात लावून म्हटलं, "एवढी हुशार पोरगी, आणि तिच्या डोक्याची अफवा कुणी उठवली, देव जाणे!"

क्रांतीनं पडद्यावरची नजरही हलवली नाही. "काका, ह्या गल्लीत ज्या अफवेवर कुणाचं नाव न्हाई ती तुमचीच धरायची, हे आमच्या घरात पयल्या ओळीतच लिवलंय."