पाव्याचा झाला पियानो

मी खालापूर तालुक्यातल्या एका शाळेत संगीत शिकवते, राहायला भिसेगावात. दोन वर्षांपूर्वी, परीक्षेच्या आधी, सातवीतल्या एका मुलीचे आजोबा तिला न्यायला शाळेत आले. ठाकरवाडीवरचे. नात वर्गातून येईपर्यंत चिंचेखाली बसले, कमरेचा पावा काढला आणि वाजवायला लागले. मी पाचवीचा तास तसाच टाकून बाहेर आले.

सूर लागायच्या आधी त्या पाव्यात फुंकर ऐकू यायची. आणि त्या आजोबांचा, सगळे त्यांना बाबा म्हणतात, गंधार आमच्या पेटीत कुठल्याच पट्टीवर नव्हता. कोमल आणि शुद्ध यांच्या मध्ये कुठेतरी, पण दर वेळी नेमका तिथेच.

मे महिनाभर मी वाडीवर जात राहिले. बाबा एकेक सूर वाजवायचे, मी फोनवर टिपून घ्यायची. मध्येच कोंबडा आरवला की पुन्हा पहिल्यापासून. ते सगळे सूर स्वरलिपी लिहिली की ती वाजवून दाखवणाऱ्या अ‍ॅपमध्ये भरून मी त्यांच्या पाव्याचा आवाज तयार केला. त्यांच्या चाली उतरवल्या, खाली मुलांसाठी ढोलकी लिहिली. माझ्या संगणकावर प्ले दाबलं की हुबेहूब बाबा!

"आता ही लिंक पाठवली की कोणीही कुठेही बसून तुमचा पावा ऐकेल," मी म्हटलं.

"मुंबईवाला बी?"

"तोही."

हे मी तपासून न पाहता सांगितलं. त्याचा राग अजून येतो, आणि तो माझा माझ्यावरच आहे.

जूनमध्ये शाळांच्या वाद्यमेळ्यासाठी रचना मागवण्यात आल्या. स्वरलिपीची लिंक पाठवायची होती, मी पाठवली. कौतुकाने बाबांच्या सुनेलाही पाठवली. ती शिळफाट्यावर एका हॉटेलात कामाला जाते. आठवड्याने निवड समितीतल्या एका सरांचा फोन आला.

"मॅडम, अर्जात पावा लिहिलाय आणि इथे पियानो वाजतोय. तोही मध्येच थांबून सभासद व्हा म्हणतोय. एवढ्यावर आम्ही काय ठरवायचं?"

मी शेजारच्या बाईंचा फोन मागून घेतला आणि लिंक उघडली. खरंच पियानो. टिंग टिंग टिंग. फुंकर गायब, गंधार पियानोच्या पट्टीत ठोकून बसवलेला. अ‍ॅपच्या कंपनीला लिहिलं. उत्तर फार गोड आलं. तुम्ही बनवलेले आवाज तुमच्याच संगणकावर राहतात, लिंक उघडणाऱ्याला आमच्याकडचा जवळचा आवाज ऐकू येतो, सभासद नसलेल्यांना थोडाच भाग ऐकता येतो. जवळचा म्हणे! लिंक बनवायच्या बटणाशेजारी एवढी एक ओळ लिहायला यांचे हात मोडले होते का?

त्याच दिवशी सरांना मी माझ्याकडचं रेकॉर्डिंग पाठवलं.

"छान आहे हो," ते म्हणाले, "पण लिंकवर जे वाजतं तेच ग्राह्य. निवड झालीय आता."

"सर, ज्याला तुम्ही बाद केलंत त्याला तुम्ही ऐकलंच नाहीत!"

"आवाज चढवू नका, मॅडम."

मी चढवलाच. त्यांनी फोन ठेवून दिला.

बाबांना यातलं काही कळू द्यायचं नाही असं ठरवून मी रविवारी वाडीवर गेले. ते अंगणात बांबू तासत होते. सुनेने आधीच त्यांना लिंक ऐकवली होती.

"बाई, येवढे दिस मी फुकलं, ते आवडलं नाय व्हय तुला? काडून टाकलंस?"

"मी नाही काढलं बाबा. त्या अ‍ॅपनं काढलं."

"मंग त्यात माजं काय हाय?"

"चाल तुमची आहे ना."

"चाल माज्या बापाची. फुक माजी व्हती."

तिथेच ओट्यावर बसून मी ती लिंक पुसून टाकली. त्यांनी तासणं थांबवलं नाही.

वाद्यमेळा आमच्याशिवाय झाला. शिक्षकांनी यावं म्हणून आमंत्रण आलं होतं. मी गेले नाही आणि कारणही कळवलं नाही. पाऊस ओसरल्यावर मी पुन्हा वाडीवर गेले आणि बाबांना शाळेत येऊन शिकवाल का म्हणून विचारलं. ते म्हणाले, "मशीन आणू नको पण."

आता ते दर शनिवारी येतात. मुख्याध्यापिकांची परवानगी मी मागितली नाही, नुसतं सांगितलं.