पुड्यात गेलेली पानं

उकडलेल्या शिंगाड्यांचा वास आला की भंडाऱ्यातली ती दुपार आठवते. वडिलांनी लहानपणी वाचलेलं गोष्टींचं एक पुस्तक शोधत मी रद्दीची सगळी दुकानं पालथी घातली होती. पाय बोलायला लागले, तेव्हा शिंगाडेवालीपाशी टेकलो. तिने पुड्यासाठी एका जुन्या पुस्तकाचं पान फाडलं, त्याच्या माथ्यावर त्याच पुस्तकाचं नाव! "बाई, फाडू नका, मले द्या." "घेऊन जा ना भाऊ, पण सुरुवातीची पानं सकाळीच पुड्यात गेली." घरी वडील शिंगाडा सोलत म्हणाले, "काहून तोंड पाडून बसला? पहिली गोष्ट मले पाठ आहे, आयक." त्यांनी ती सगळी सांगितली. मी इतका दमलो होतो की ऐकता ऐकता डोळा लागला. पुस्तक अजून आहे, वडील नाहीत. पहिली गोष्ट काय होती, ते मला ठाऊक नाही.