तंग दुसऱ्यांदा आवळायचा

माझी पोस्टिंग आली ती खेचरांच्या कंपनीत. घरी सांगून निघालो होतो की रणगाडा चालवणार. आईनं निम्म्या दिग्रसला पेढे वाटले होते. आणि इथे माझ्या हाती दोरी दिली एका मादी खेचराची. सगळी कंपनी तिला 'सुभेदारीण' म्हणायची. खुद्द सुभेदार साहेब तिच्यासमोरून जाताना सावधान चालत. तिची लाथ मी एकदाच खाल्ली, मांडीवर. तेव्हापासून पाऊस कधी येणार ते मला मांडीतून कळतं. आमचं गाव मला विचारल्याशिवाय पेरणी करत नाही.

जागेचं नाव सांगणार नाही. डोंगर उत्तरेचा होता, एवढं पुरे. थंडी अशी, की गोठलेल्या मिशीनंच चहा ढवळायचा. तसेही कंपनीत चमचे कमी होते.

सकाळी साडेपाचला फॉल-इन. मग खरारा, खूर साफ करणं, दाणा. त्यानंतर लोडिंग. वरच्या पोस्टवर लागणारं सगळं, रॉकेलपासून बॅटरीपर्यंत, खेचरांच्या पाठीवर जायचं. खोगीर चढवलं की पोटाखालून पट्टा आवळायचा. त्याला तंग म्हणतात. आता खेचराची लबाडी ऐका. तंग आवळताना ते श्वास भरतं आणि पोट फुगवून उभं राहतं. तुम्ही जीव खाऊन आवळता. थोडं चाललं की ते हवा सोडतं, तंग ढिला पडतो आणि सामान दरीत जातं. म्हणून पहिल्या वळणावर थांबायचं आणि तंग दुसऱ्यांदा आवळायचा. हा आमच्या कंपनीतला पहिला नियम. बाकीचे नियम मी विसरलो.

हा नियम मला शिकवला हवालदार किसन राठोडनं. दारव्ह्याजवळच्या तांड्यावरचा माणूस. म्हणायचा, "आमच्या पणज्यानं बैलाच्या पाठीवर मीठ वाह्यलं, मी खेचराच्या पाठीवर बॅटऱ्या वाहतो. धंदा तोच हाय, पेन्शन तेवढी नवी."

पहिल्याच सकाळी सामानाचा ढीग पाहून मी हातातली दोरी खाली ठेवली होती. मी विचारलं, "उस्ताद, एवढं वर जाईल तरी कसं?"

"काम बी खेचरच हाय, भिया," तो म्हणाला. त्याच्या बोलीत भावाला भिया म्हणतात. "सकाळी पाह्यलं का पोट फुगवून उभं राह्यते. भेवाचं नाही. पहिल्या वळणापर्यंत चाल. मंग पाह्य त्याच्यात हवा किती अन् काम किती."

मी हसलो होतो. नंतर हसायचा थांबलो.

एक दिवस पहाटे वरून निरोप आला. पोस्टवरच्या एका जवानाच्या छातीत पाणी भरलं होतं. ढग उतरलेले, हेलिकॉप्टर येणं शक्य नव्हतं. ऑक्सिजनचे सिलिंडर आम्हीच न्यायचे होते. उजाडताच निघालो. पुढे राठोड, मागे मी आणि सुभेदारीण. सिलिंडर तिच्या पाठीवर.

नाल्यापाशी रस्ताच खाली गेला होता. खाटेच्या रुंदीएवढी पट्टी तेवढी उरलेली. डावीकडे भिंत. उजवीकडे काही नाही. राठोड पायानं चाचपत पलीकडे जाऊन परत आला. सुभेदारीण थांबली. मीही थांबलो. खरं सांगायचं तर आधी मी थांबलो, मग ती. पाय माझे राहिले नव्हते.

रेडिओ वाजला. "लोकेशन बताओ. ओव्हर."

राठोड म्हणाला, "नाले पे. रास्ता टूटा है. ओव्हर."

"मरीज के पास टाइम कम है. ओव्हर."

"पहुंचेंगे. आउट."

माझ्याकडे वळून त्यानं ना शिवी दिली, ना धीर. एवढंच म्हणाला, "वानखडे, तंग पाह्य."

"उस्ताद, तंगाचं काय घेऊन बसले? इथं..."

"तंग पाह्य मन्लं ना."

मी हात घातला. तंग दोन बोटं ढिला होता. तसाच पुढे गेलो असतो तर सिलिंडर नाल्यात गेले असते. राठोडनं हातमोजे काढले, तो दुसऱ्या बाजूनं आला आणि आम्ही दोघांनी मिळून पट्टा आवळला. तेवढ्यात कुठंतरी माझे पाय मला परत मिळाले.

"आता सुभेदारणीचे कान पाह्य. दुसरं काहीच पाहू नको. चाल."

गेलो. कान पाहत गेलो. आजही सांगा, त्या कानांचं चित्र काढून देतो. दुपारच्या आत सिलिंडर पोस्टवर पोचले. तो जवान दर दिवाळीला मला फोन करतो आणि इतकं बोलतो, की त्याच्या फुप्फुसांची मला आता काहीच काळजी वाटत नाही.

त्याच हिवाळ्यात, त्याच नाल्यावर, राठोड खेचरांना मागे उभं करून रस्ता तपासायला एकटा पुढे गेला. वरून कडा कोसळला. खेचरं वाचली. आम्ही वाचलो.

पेन्शन घेऊन मी परत आलो. आता दिग्रसला जिनिंग मिलच्या फाटकावर सुपरवायझर आहे. सीझनमध्ये कापसाच्या गाड्यांची रांग अशी लागते, की शेपूट थेट पुसदला निघते. रोज सकाळी ती पाहून परत घरी जावंसं वाटतं. मी पहिलीच गाडी आत घेतो, मग जागेवर थांबतो, दम घेतो, आणि पाहतो की हवा किती आणि काम किती. नेहमी हवाच जास्त निघते.

राठोडची मुलगी सोनल यंदा मारेगावला एका कचेरीत लागली. तिला बाप फोटोतलाच ठाऊक. मागच्या महिन्यात तिचा फोन आला.

"काका, मले नाही जमत. टेबलावर फायलीचा डोंगर हाय. सकाळी कचेरीच्या पायरीवरच हात थरथरतात. राजीनामा लिहून ठेवला."

"दिला का?"

"उद्या देतो."

मी तिला हे सगळं सांगितलं. सुभेदारीण, तंग, नाला. तिनं शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली, "तुम्ही लई फेकता काका. खरं सांगा. बाबा भेत नव्हते?"

"तंग आवळताना त्यानं हातमोजे काढले होते," मी म्हणालो. "त्याचे हात माझ्या हाताजवळ होते. माझ्यापेक्षा जास्त थरथरत होते, पोरी. अन् तंग त्यानं माझ्यापेक्षा गच्च आवळला."

ह्यात मी एक शब्द वाढवलेला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिचा फोन आला. "काका, एकच फाइल काढली सकाळी. सगळ्यात वरची. मंग उठून चहा पेली अन् पुन्हा बसली."

"हात?"

"थरथरून राह्यले अजून." ती हसली. "चालू देतो त्यायले. फायली तर सरकून राह्यल्या."

"अन् राजीनामा?"

"त्याच्या कोऱ्या बाजूवर उद्याची कामं लिहिली."

आज सकाळी मी फाटक उघडलं. पहिला ट्रॅक्टर आत घेतला. मग थांबलो आणि कमरेचा पट्टा एक भोक आवळला. रोज त्या वेळी मी मनातल्या मनात एकाच माणसाची हजेरी घेतो. हवालदार किसन राठोड. इतकी वर्षं 'हजर' मीच म्हणत आलो. आता मारेगावलाही कुणीतरी म्हणत असेल.