सदाचं व्हायोलिन मी घेतलं नाही

"त्याचं घेऊ नका. त्याची हनुवटी लागलेली असते तिथे."

शेजारी बसलेले अप्पा माझ्या कानात कुजबुजले. मागे माझा मामेभाऊ सदा त्याचं व्हायोलिन माझ्यापुढे धरून बसला होता. मी हात आखडला.

फोर्टातल्या सभागृहात कॉन्चेर्टोची तालीम चालली होती. पुढे परदेशी पाहुणा एकटा व्हायोलिन वाजवणार, मागे आम्ही सगळे साथीला. पाहुण्याची तार तुटली तरी वादन थांबवत नाहीत. तो पहिल्या वादकाचं व्हायोलिन घेतो, पहिला त्याच्या मागच्याचं. असं करत तुटक्या तारेचं व्हायोलिन शेवटच्या माणसाकडे जातं, तार त्याने चढवायची. त्या दिवशी खरंच तुटली. माझं व्हायोलिन पुढच्याने खुशाल नेलं. मी कोण, हे त्याला ठाऊक नव्हतं.

कुणालाच नव्हतं. मी दादरला राहतो म्हणून सांगायचो. राहायचो परळच्या चाळीत, सदाच्या शेजारच्या खोलीत. आम्ही बौद्ध होऊन वर्षही झालं नव्हतं. सदाने पहिल्याच दिवशी वादकांच्या नावांच्या वहीत धर्म लिहिला, छाती पुढे काढून. तालमीत मला ओळख दाखवू नकोस, असं मी त्याला आधीच बजावलं होतं. बिचाऱ्याने ऐकलं.

पाहुण्याचं व्हायोलिन माझ्या मांडीवर होतं. ते शेवटी बसलेल्या सदाला द्यायचं, त्याचं घ्यायचं, एवढंच काम. मी मान खाली घालून स्वतःच तार चढवत बसलो. थोड्या वेळाने सदाने हात मागे घेतला आणि वाजवू लागला. अगदी सुरात.

हेच अप्पा गिरगावातून 'मुंबई आमची' म्हणत संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चात जायचे. माझा बापही त्याच मोर्चात असायचा, गिरणीतली पाळी बुडवून.

चहाच्या सुट्टीत अप्पांनी रोजच्यासारखा थर्मासच्या झाकणात मला चहा दिला. म्हणाले, "संस्कार दिसतात हो तुमचे. लगेच कळलं तुम्हाला."

मला माझीच किळस आली. झाकण खाली ठेवलं.

"अप्पा, सदा माझ्या सख्ख्या मामाचा मुलगा. त्याची जात तीच माझी. रोज ह्याच झाकणातून पितोय मी."

अप्पांनी इकडेतिकडे पाहिलं. हळूच म्हणाले, "हे कार्यक्रम झाल्यावर सांगायचंत."

सदाने सगळं ऐकलं. वाटलं, आता तरी जवळ येईल. तो व्हायोलिनची पेटी बंद करत म्हणाला, "आत्ता बोलतोस? मघाशी तोंड शिवलं होतं काय रे तुझं?"

मी माफी मागितली नाही. मागून मोकळं व्हायचा मला हक्क नाही.

दुसऱ्या दिवशी सगळे वादक जमल्यावर मी उभा राहिलो. नाव, चाळ, धर्म मोठ्याने सांगितलं. ज्याला माझं व्हायोलिन चालत नसेल त्याने आत्ताच बोलावं, म्हणालो. कुणी बोललं नाही. पुढच्या मोसमात मला बोलावणंही आलं नाही.

आता जिथे जातो तिथे पेटी उघडण्याआधी हे सांगतो. नको म्हणाले तर पेटी उचलतो. लपून एक सूरही वाजवणार नाही.