सभ्य कल्टी

रिटायर्ड माणसांना इंग्रजी बोलायला शिकवायला लागलं की किस्से गोळा करावे लागत नाहीत, ते आपणहून पर्समध्ये येऊन पडतात! शाळेतून निवृत्त झाल्यावर घरात बोलायला कुणी उरलं नव्हतं, म्हणून मी बाळकुमला आमच्या कॉम्प्लेक्सच्या क्लबहाउसमध्ये दर मंगळवारी वर्ग सुरू केलेला. विद्यार्थी तीन. आणि एक 'स्लिप अवे' आम्हाला दोन महिने पुरलं!

मी शिकवलं, "समजा, लग्नात कंटाळा आलाय. कुणाला न सांगता हळूच निघून जायचं. दॅट इज स्लिप अवे."

सावंतकाका बँकेतून रिटायर झालेले. लगेच म्हणाले, "म्हणजे कल्टी मारणे!"

"हो, पण सभ्य कल्टी!"

म्हात्रेकाकू बाळकुमच्या मूळच्या. आता त्याच जागेवरच्या टॉवरमध्ये राहतात. खिडकीतून पार्किंगकडे बघत म्हणाल्या, "आमचा भाताचा शेत पन असाच स्लिप झाला बघ. कोनाला कललाच नाय!"

वाक्यात व्याकरणाची चूक होती. मी दुरुस्त केली नाही.

तिसऱ्या कांबळेबाई. कल्याणच्या एका हॉस्पिटलात तीस वर्षं नर्स. यजमान गेलेले, मुलगी बेंगळुरूला, चौदाव्या मजल्यावर एकट्या. वर्गात फार बोलायच्या नाहीत. त्या दिवशी बोलल्या. "मॅडम, आमचे डॉक्टर नातेवाइकांना हेच सांगायचे. 'शी स्लिप्ड अवे.' झोपेत गेली की."

हाही अर्थ आहे, असं मला सांगावंच लागलं.

"मग लग्नात जरा जपूनच वापरायला पाहिजे!" सावंतकाका म्हणाले. सगळे हसलो. कांबळेबाईही हसल्या, पण सगळ्यांचं हसून झाल्यावर.

सावंतकाकांचा मुलगा कॅनडात. काकांच्या लांबलचक मेसेजला त्याचा एक अंगठा यायचा, बस! एका मंगळवारी म्हात्रेकाकू वर्गातला चहा पिऊन हळूच बाजाराला सटकल्या. काकांनी होमवर्क म्हणून मुलाला इंग्रजीत लिहिलं, "म्हात्रेकाकू स्लिप्ड अवे आफ्टर टी."

पाच मिनिटांत फोन. "बाबा! काकू गेल्या? कशाने?"

"कशाने म्हणजे? रिक्षाने!"

त्यानंतर बापलेक चाळीस मिनिटं बोलले. पुढच्या मंगळवारी काका आल्या आल्या विचारतात, "मॅडम, आज कुणाला लवकर निघायचंय का?"

म्हात्रेकाकूंना हे कळलं तेव्हा मला वाटलं, आता चिडणार. त्या म्हणाल्या, "सावंत, परत मारा मला! पोरगा बोलतो ना तुमच्याशी?"

मग काकू मुलीच्या बाळंतपणासाठी कल्याणला गेल्या. सावंतकाकांना मुलाने सहा महिन्यांसाठी बोलावून घेतलं. जाताना काका स्वेटर दाखवायला आलेले. वर्गात उरल्या कांबळेबाई आणि मी. एका विद्यार्थिनीसाठी हॉल देता येणार नाही, असं सोसायटीने कळवलं. तो मंगळवार शेवटचा.

मी म्हटलं, "आज आपण पार्टी करू. तुम्ही यजमानीण, मी पाहुणी. थोडं बोलायचं आणि मग मी तुमच्या नकळत स्लिप अवे होणार."

आम्ही हवापाण्याचं इंग्रजी बोललो. मग मी चपला हातात घेऊन दाराकडे निघाले.

"मॅडम, आत्ताच?"

"अहो बाई, तुम्हाला कळता कामा नये!"

"सॉरी, सॉरी." त्यांनी दाराकडे पाठ केली. "बघत नाही मी. जा."

मी बाहेर पॅसेजमध्ये जाऊन उभी राहिले. आता हाक मारतील, मग हाक मारतील. पाच मिनिटं झाली तरी हाक येईना, म्हणून मी दार हळूच ढकलून आत पाहिलं.

कांबळेबाई तशाच पाठमोऱ्या बसलेल्या. समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे वाकून, एकही चूक न करता, स्वच्छ इंग्रजीत म्हणत होत्या, "प्लीज, सिट फॉर सम मोअर टाइम. देअर इज नो हरी."