स्पीकरची घरघर आणि आम्ही दोघं

मंडळी, आज लातूरला आमच्या क्लासमध्ये नवे स्पीकर बसवले. साउंडवाले रफिकभाई टेस्ट टोन लावून तपासत होते. पोरांच्या कानाला त्रास नको म्हणून आवाज आधी अगदी बारीक ठेवला, मग हळूहळू वाढवला. खोल घरघर, जमिनीखालून आल्यासारखी.

पुढचं मला कळलंच नाही. खडू हातात घेऊन मी बाहेर अंगणात उभी होते. शेजारी रफिकभाई.

"तुम्ही कशाला पळालात?"

"काय सांगू मॅडम, आवाज मीच लावला, तरी पाय थांबले न्हाईत."

त्र्याण्णव साली अशीच घरघर होऊन भूकंप झाला, तेव्हा आम्ही दोघंही शाळेत जाणारी लेकरं होतो.

आत वर्गात एकही पोर जागचं हललं नव्हतं. त्यांच्यासाठी तो नुसता स्पीकर होता. लई बरं वाटलं.

तुमच्या घरात अजून कोण असं पळतं?